तीस पाकिटं पाला

माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात एक वाक्य होतं : सर्व नमुने संशोधिकेने स्वतः गोळा केले. प्रबंध इंग्रजीत होता, पण वाक्याचा अर्थ हाच. एकूण नमुने तीनशे तीस. त्यातल्या तीनशे नमुन्यांच्या बाबतीत ते वाक्य खरं होतं. टक्केवारी काढली तर मी नव्वद टक्क्यांहून जास्त खरं बोलले होते, आणि ही टक्केवारी मी तीन वर्षांत बऱ्याचदा काढली.

माझं काम तिवरांवर होतं. खाडीच्या चिखलात उभं असतं ते झाड. तिवराचं बी फळाच्या सालीआड, झाडावर असतानाच अंकुरतं, मग गळून पाण्यात पडतं आणि भरती-ओहोटी नेईल तिकडे तरंगत जातं. कुठे चिखल लागला की रुजतं. त्यामुळे एका खाडीतल्या तिवरांचा डीएनए दुसऱ्या खाडीशी ताडून पाहिला, तर कोण कुणाकडून आलं, कधीकाळी समुद्राने कुणाला कुठे नेऊन टाकलं, याचा अंदाज बांधता येतो. अब्बा दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचे, "हमारी शाजिया झाडांची खानदान शोधते." गिऱ्हाईक विचारायचं, मग पुढे काय? अब्बांना पुढचं माहीत नव्हतं. पुढचं मलाही नीट माहीत नव्हतं, पण मला विद्यापीठाने नोंदणी क्रमांक दिला होता.

डहाणूपासून मालवणपर्यंत अकरा खाड्या. प्रत्येक खाडीत तीस झाडं, दोन झाडांमध्ये निदान वीस मीटर अंतर, प्रत्येक झाडाची दोन कोवळी पानं एका पाकिटात. पाकिटात ओल शोषणारे दाणे असतात, त्यात पान सुकतं आणि टिकतं. दहा खाड्यांमध्ये मी स्वतः गुडघाभर चिखलात उतरले. चपलांचे तीन जोड गेले. अंजर्ल्याला तर एका कोळणीने मला बगलेत धरून उपसून काढलं आणि वर विचारलं, "बाई, काय हरवलंय?"

अकरावी खाडी आमची, पनवेलची. शेलखार गाव आमच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर. जवळचं काम म्हणून शेवटी ठेवलं. आणि शेवटी ठेवलेल्या कामाच्याच आठवड्यात, २०१० च्या डिसेंबरात, माझ्या बहिणीचं, मुबीनाचं लग्न आलं. सोमवारी प्रयोगशाळेतल्या मशीनवर माझी पाळी होती. ती चुकली तर पुढची चार महिन्यांनी.

काशीरामकाका शेलखारचे. पूर्वी मिठागरावर होते, नंतर थोडी भातखाचरं आणि खाडीतल्या चिंबोऱ्या, म्हणजे मोठे खेकडे. अब्बा कुवेतहून परत आले तेव्हापासून चिंबोऱ्या आमच्याकडे त्यांच्याच येतात. लग्नाच्या दोन दिवस आधी ते टोपली घेऊन आले, तेव्हा मी दोन्ही हात हवेत धरून बसले होते, कोपरापर्यंत मेंदी. मी मानेनेच कपाटाकडे खूण केली. त्यांनी पाकिटांचा गठ्ठा काढला. एक ते तीस आकडे घातलेले होते.

"काका, तिवराची कोवळी पानं हवीत. एका पाकिटात दोन. तीसही पाकिटं भरायची आणि पाणी लागू द्यायचं नाही."

"आनी काय?"

"आणखी काही नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पाकिटं परत आणून दिली. प्रत्येकाला रबर लावलेलं. म्हणाले, "एक बी पान किडलेला नाय. बघून घे." मी बघितलं नाही, कारण मेंदी धुतली असली तरी मला जेवणाच्या पंगतीचं बघायचं होतं. सोमवारी मी पाकिटं घेऊन प्रयोगशाळेत गेले.

तीसही पाकिटांचा निकाल एकच आला. जवळचा, सारखा वगैरे नाही, एकच. मी पुन्हा तपासणी केली. तोच. तिसऱ्यांदा केली, तेव्हा मशीन चालवणाऱ्या बाईंनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

डॉक्टर आशालता मॅडम माझ्या मार्गदर्शक. त्या कमी बोलतात आणि त्यांच्या टेबलावर कधीही एकाच वेळी दोन कागद नसतात. त्यांनी तिन्ही निकाल वाचले आणि चष्मा काढला.

"शाजिया, ही तीस वेगवेगळी झाडं आहेत ना?"

"हो मॅडम."

"तू स्वतः घेतलीस?"

"हो मॅडम."

एवढंच. त्यांनी विचारायचा तो नेमका प्रश्न विचारला होता आणि मी त्याचा गळा आवळला. पहिल्या प्रश्नाला मी खोटं बोलत होते असं मला वाटत नव्हतं. काकांनी तीस पाकिटं भरली म्हणजे तीस झाडं, यात मला शंकाच नव्हती. दुसऱ्या उत्तराचं म्हणाल तर, बहिणीच्या लग्नात मेंदी लावून बसले होते, हे मॅडमना सांगायची माझी छाती झाली नाही. बारीकसं खोटं होतं. त्याने कुणाचं काय बिघडणार, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

त्यानंतर मॅडमनी दोन आठवडे विचार केला आणि एक उपपत्ती मांडली. ती ऐकून माझ्या अंगावर काटा आला, आनंदाचा. मिठागरांसाठी आणि जळणासाठी कधीतरी शेलखारची तिवरं पार तोडली गेली असावीत. एकच खुंट वाचला. त्याच्या आडव्या फांद्या चिखलात टेकून रुजल्या, त्यांच्या फांद्या पुन्हा रुजल्या, आणि आज दिसतं ते सगळं जंगल म्हणजे त्या एका झाडाचा पसारा. असं कुणाला कुठे सापडलेलं नव्हतं. आम्ही शोधनिबंध लिहिला, २०१२ मध्ये तो छापून आला. त्यात आम्ही शेलखारचा नकाशाही दिला, खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या दारापासून, म्हणजे उघाडीपासून, खाडीच्या मुखापर्यंत तीस ठिपके, वीस-वीस मीटरवर. ठिपके मी घरी बसून काढले.

पनवेलच्या एका साप्ताहिकाने बातमी छापली : 'शेलखारचे जंगल म्हणजे एकच झाड!' अब्बांनी कात्रण लॅमिनेट करून दुकानात, उदबत्तीच्या स्टँडशेजारी लावलं. काशीरामकाका चिंबोऱ्या द्यायला आले तेव्हा त्यांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं.

"बराबर हाय," ते म्हणाले. "एकच हाय. एकच राह्यलाय."

मला वाटलं, गावचा माणूस, शास्त्राला मान डोलावतोय. मी त्यांना चहा दिला.

२०१३ च्या नोव्हेंबरात एका कंपनीच्या सल्लागाराचा मला फोन आला. फार गोड बोलणारा माणूस. शेलखारच्या बांधाबाहेरून जेट्टीकडे जाणारा रस्ता त्यांना काढायचा होता. त्यासाठी तिवरं तोडावी लागणार होती आणि त्यासाठी जनसुनावणी होती. अहवालात त्यांनी माझ्या निबंधाचा आधार घेतला होता. "तुम्ही आमचं काम सोपं केलंत मॅडम," तो म्हणाला. त्याचा मुद्दा असा : ही सगळी झाडं जर एकाच झाडाच्या नकला असतील, तर ती तोडून जनुकीय वैविध्याची काहीच हानी होत नाही. दोन रोपं कुठेतरी जपली की जंगल जपल्यासारखंच. तुम्ही तज्ज्ञ म्हणून या.

मी रागावले. निबंधातून असा अर्थ निघत नव्हता. उलट अशी झाडं जास्त जपायला हवीत, असं आम्ही शेवटच्या परिच्छेदात म्हटलं होतं. शेवटचा परिच्छेद कुणी वाचत नाही. मी ठरवलं, जायचं आणि चार माणसांत त्याला सुनावून यायचं. माझी इस्त्री केलेली ओढणी मी आदल्या दिवशीच काढून ठेवली. प्रबंध जवळजवळ तयार होता. एकतीस मार्चला द्यायचा होता. एकदा मुदतवाढ घेऊन झाली होती, दुसरी मिळत नाही. त्या तारखेला प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द आणि पाच वर्षं चिखलात. त्यातही चौथं प्रकरण हा प्रबंधाचा जीव होता. ते काढलं तर उरत होतं ते एवढंच, की शेजारशेजारच्या खाडीतली तिवरं एकमेकांची नातेवाईक असतात. हे कुणीही न शिकता सांगेल.

सुनावणी गावच्या शाळेच्या पटांगणात होती. मांडव, लाल खुर्च्या, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि बायका जमिनीवर सतरंजीवर. अर्धं गाव रस्त्याच्या बाजूने होतं, अर्धं विरोधात, आणि वडापाव दोघांसाठी सारखाच आला होता. अधिकारी टेबलामागे बसले. शेजारी टंकलेखक, लॅपटॉप घेऊन. सल्लागाराने मराठीत सारांश वाचायला घेतला. पान चारवर तो माझ्या नावापर्यंत आला.

"डॉक्टर शाजिया यांनी," तो म्हणाला. मी अजून डॉक्टर नव्हते, पण मी त्याला थांबवलं नाही. "उघाडीपासून खाडीच्या मुखापर्यंत तीस झाडांची पाने तोडून तपासली असता..."

"थांबा."

तिसऱ्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठले. तुळशीराम. मी त्यांना नावाने ओळखत होते. काशीरामकाका आणि ते एकोणीस वर्षं बोलत नव्हते. एका लग्नपत्रिकेत नावं वरखाली छापली गेली होती, एवढंच कारण.

"कनच्या तीस झाडांची?"

सल्लागाराने नकाशा उंच धरला. तुळशीराम पुढे येऊन नकाशात नाक खुपसून उभे राहिले. मग त्यांनी उघाडीजवळच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. एक, दोन, तीन, चार.

"हे चार माज्या वाट्यात हायेत," ते मांडवाकडे वळून म्हणाले. "माजा पाला कोनी तोडला? कवा तोडला? मना कोनी इचारला?"

इथे मला गावची एक गोष्ट पहिल्यांदा कळली. पाच वर्षं मी तिवरांवर काम करत होते आणि ती माझ्या कुठल्याही संदर्भग्रंथात नव्हती. बांधाबाहेरचा चिखल सरकारी कागदावर सरकारचा आहे. पण शेलखारात त्याचे घरटी वाटे आहेत. कुठे खांब रोवलेला, कुठे नुसती वाकडी फांदी खुणेची. चिंबोरी कुणीही कुणाच्याही वाट्यातून धरावी, कारण चिंबोरी आपल्या पायाने येते-जाते. पण तिवराचा पाला म्हशी-शेळ्यांचं खाणं आहे. दुसऱ्याच्या वाट्यातलं एक पान घ्यायचं तरी त्याच्या दारात जाऊन विचारायचं. न विचारता घेतलं, तर ती चोरी. घरात शिरून मडकं उचलण्याइतकीच.

"आजोबा," अधिकारी म्हणाले, "ते सरकारी जंगल आहे."

"जंगल सरकारचा असंल," तुळशीराम म्हणाले. "पाला माजा हाय."

मागून भीमाबाई नावाच्या आजी उठल्या. त्यांचा वाटा मधला होता. त्यात दोन ठिपके पडले होते. मग गोदूबाई उठल्या, त्यांचे तीन. पाच मिनिटांत रस्ता, जेट्टी, नोकऱ्या, सगळं मागे पडलं आणि मांडवात एकच विषय उरला. रस्त्याच्या बाजूचं अर्धं गाव आणि विरोधातलं अर्धं गाव त्या दिवशी पहिल्यांदा एकाच बाजूला आलं.

आणि मग कुणीतरी म्हणालं, "काशीराम हिंडत होता. पाकिटां घेऊन. लग्नाच्या दिवसांत."

सगळी तोंडं काशीरामकाकांकडे वळली. ते मागच्या रांगेत होते. त्यांची बायको जनी सतरंजीवर बायकांत बसली होती. तिने पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. काका सावकाश उठले.

"मी कोनाचा पाला घेतला नाय," ते म्हणाले. "पाईपलाईन टाकली तवा माजा वाटा गेला. एक झाड राह्यला. तीस पाकिटां त्या एकल्या झाडाची हायेत. सगली. कोनाच्या पानाला हात लावला नाय."

"कागदावर तीस झाडं छापलीत," तुळशीराम म्हणाले. एकोणीस वर्षांतलं ते त्यांचं काकांना उद्देशून पहिलं वाक्य असावं. "खाली बाईचा नाव हाय. शिकलेल्या बाईचा. मंग कागद खोटा?"

काकांनी माझ्याकडे बघायला हवं होतं. मी पुढच्या रांगेत, लाल खुर्चीवर, इस्त्रीच्या ओढणीत बसले होते. त्यांनी बघितलं नाही. ते पायाखालच्या मातीकडे बघत म्हणाले, "कागदाचा मना ठाव नाय."

मी त्या क्षणी काय विचार केला ते खरं सांगते. आधी एकतीस मार्च आठवला. मग मशीनची पाळी. मग मॅडमचा चष्मा. मग वाटलं, आत्ता गप्प बसलं तर दोन दिवस गावात कुजबुज होईल आणि विसरून जातील. आणि मग जनीकाकूंचा तो ओढलेला पदर दिसला आणि माझी मलाच इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. मी उठले.

"काशीरामकाका खरं बोलतायत," मी म्हणाले. "माझ्याकडे पुरावा आहे."

अधिकाऱ्यांनी मला माईक द्यायला सांगितलं. माईक दोनदा खुरखुरला.

"तीस झाडं असती तर तीस वेगळे निकाल आले असते. दोन सख्ख्या भावंडांचेसुद्धा सारखे येत नाहीत. तीसही पाकिटांत एकच झाड निघालं. मशीनवर तीनदा तपासलंय. म्हणजे तीसही पाकिटं एकाच झाडाची आहेत. दुसऱ्याच्या झाडाचं एक पान जरी त्यात असतं, तरी मला दिसलं असतं. काकांनी कुणाचा पाला चोरला नाही, हे त्याहून चांगलं सिद्ध करता येत नाही."

"पण मॅडम," सल्लागार उठला, "तुमच्या पेपरमध्ये तर सगळं जंगलच एक झाड..."

"पेपर चुकलाय."

"तो तर छापून आलाय!"

"मीच लिहिलाय. म्हणून सांगतेय."

अधिकारी पुढे झुकले. "नकाशावरचे तीस ठिपके?"

"घरी बसून काढले. तीस झाडांची पानं आली आहेत असं समजून."

"तुम्ही स्वतः जागेवर गेला होतात का?"

"नाही."

"का नाही?"

"माझ्या हाताला मेंदी होती."

टंकलेखकाने मान वर केली. "साहेब, मेंदी लिहू?"

अधिकाऱ्यांनी थोडा विचार केला. "लिहा," ते म्हणाले.

त्याने लिहिलं. किल्ल्यांचा आवाज मला माझ्या जागेवरून ऐकू येत होता. तुळशीराम अजून नकाशाजवळ उभे होते.

"म्हंजे माजा पाला हाय तितंच हाय?" त्यांनी मला विचारलं.

"तिथेच आहे. कुणी हात लावलेला नाही."

"मंग ठीक हाय," असं म्हणून ते जागेवर जाऊन बसले. माझ्या पाच वर्षांच्या संशोधनाने पूर्ण समाधान झालेला तो एकमेव माणूस. भीमाबाई आणि गोदूबाईही बसल्या. अहवालाचा पायाच गेल्यामुळे नवा अहवाल येईपर्यंत सुनावणी तहकूब झाली. सल्लागार गोड बोलायचा थांबला.

मांडवामागच्या नळाजवळ उभी राहून मी मॅडमना फोन केला आणि सगळं सांगितलं. आधी मेंदी, मग पाकिटं, मग ठिपके. मी दोनदा फोन कानापासून दूर धरून कट झालाय का ते पाहिलं.

"मी तुला एकच प्रश्न विचारला होता," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

"पेपर मागे घ्यायचं पत्र मी आज पाठवते. माझंही नाव आहे त्यावर." पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. "एकतीस मार्चचं काय करायचं ते तू बघ." आणि त्यांनी फोन ठेवला. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी बांधावर जाऊन बसले. ओहोटी लागली होती. समोर तिवरं उभी होती, शंभर, दोनशे, कुणास ठाऊक किती. सगळी आपापल्या घरची, आणि माझ्या निबंधात सगळी मिळून एक. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. थोड्या वेळाने काशीरामकाका आले आणि हातभर अंतरावर बसले. मी त्यांची माफी मागितली. माझ्यामुळे चारचौघांत तुम्हाला चोर म्हणवून घ्यावं लागलं, असं काहीसं मी बोलले.

"तीस येगली झाडं लागतात, ह्ये तू बोल्ली नाय," ते म्हणाले.

"नाही बोलले."

"मी इचारला होता. आनी काय, म्हनून."

"हो. विचारलं होतं."

"सांगितला असतास तर मी तीस घरी गेलो असतो. तुलशीरामाच्या घरी बी गेलो असतो. तुज्यासाटी."

त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. हिशोबात राहून गेलेली गोष्ट दाखवावी तसं सांगितलं. मी त्यांना फक्त पाकिटं मोजून दिली होती. कशासाठी, ते सांगावं असं मला सुचलंच नव्हतं. त्यांना काय कळणार, असं मी मनात धरलं होतं, आणि मनात धरलंय हेही मला माहीत नव्हतं.

म्हणून मी आता सांगितलं. अकरा खाड्या, प्रत्येकी तीस झाडं, बी कसं वाहत जातं, कुठलं झाड कुठून आलं ते कसं ओळखायचं, आणि एका खाडीचा स्वभाव कळायला वेगवेगळी झाडं का लागतात. अर्धा तास लागला असेल. काका ऐकत होते. मधे एकदा त्यांनी विचारलं, पाण्यावर किती दिस तरतो तो बी? मी सांगितलं. एकदा म्हणाले, मालवणाकडची तिवरां आमच्यापेक्षा बुटकी असतात का? मला ते मोजून बघावंसं कधी वाटलं नव्हतं, मी तसं सांगितलं.

शेवटी ते म्हणाले, "म्हंजे गावाचा काय म्हनना हाय ते इचारायला तू आलीस. आनी एकल्या मानसाला तीस दा इचारलास."

"हो काका. अगदी तसंच."

"आनी वर जाऊन सांगितलास का सगला गाव येकच बोलतो."

"हो."

ते हसले. पोट धरून, खोकला येईपर्यंत हसले. मलाही हसू आलं, नाक पुसता पुसता. मग त्यांनी लेंगा झटकला आणि उभे राहिले.

"पाकिटां हायेत?"

पिशवीत होती. संशोधकाच्या पिशवीत ती नेहमी असतात, तेवढी एक चांगली सवय मला आहे.

"मार्च म्हंजे किती महिने?"

"चार. आणि थोडे दिवस."

"चल मंग. उघाडीपासनं सुरू करू. पयला घर तुलशीरामाचा."

मी म्हणाले, आज नको, आजच एवढं झालंय. पण ते बांधावरून चालायला लागले होते. तुळशीरामांचं घर उघाडीच्या वरच्या अंगाला, पुढे सारवलेलं अंगण, एक म्हैस. दार उघडं होतं. काका अंगणाच्या कडेला थांबले आणि तिथून त्यांना पुढे पाऊल टाकता येईना. एकोणीस वर्षं ते या दारावरून मान वळवून गेले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तुलशीराम," त्यांनी हाक मारली. आवाज भलत्याच उंच पट्टीत निघाला. "पाला पायजे. दोन दोन पानां. चार झाडांची."

आत भांड्यांचा आवाज चालू होता तो थांबला. तुळशीराम उंबऱ्यात आले. त्यांनी काकांकडे पाहिलं नाही, माझ्या हातातल्या पाकिटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"याला सांग," ते मला म्हणाले, "येऊन इचारला असता तर मी कंदी बी नाय बोल्लो नसतो."

काका हातभरच लांब उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. तरी मी वळले आणि शब्द न् शब्द त्यांना सांगितला.